फाल्गुनरावाचा माग काढताना: फ्रेंचमधलं संशोधन आणि त्यासाठी लागणारा पैसा

‘संशयकल्लोळ’मधल्या फाल्गुनरावाचं मूळ घराणं पॅरिसचं. फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘स्गानारेल’ हे नाटक १६६० मध्ये तिथल्या रंगमंचावर आलं. त्यातल्या संशयी नवऱ्याचा धागा घेऊन आर्थर मर्फीने १७६१ मध्ये लंडनमध्ये एक इंग्रजी नाटक रचलं. मर्फीवरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव’ लिहिलं आणि १९१६ मध्ये त्यालाच पदांचा साज चढून संगीत ‘संशयकल्लोळ’ उभं राहिलं. हरिभाऊ आपट्यांनीही मोलिएरची प्रहसनं मराठीत आणली होती. पुढे अत्र्यांनी मोलिएरच्या कंजुषावरून ‘कवडीचुंबक’ केलं. मराठी प्रेक्षक शंभराहून अधिक वर्षं मोलिएरला हसत आला आहे, आणि बहुतेक वेळा त्याला मूळ लेखकाचं नावही ठाऊक नसतं.

हा मोलिएर मराठीत कोणत्या वाटेने आला, येताना त्याच्यातलं काय गळलं आणि कशाची नव्याने भर पडली, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. विषय मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षीच सापडला होता. तो तडीस नेण्यासाठी लागणारा पैसा कुठून आणायचा, हे कळायला मात्र पुढची काही वर्षं गेली. फ्रेंच घेऊन संशोधन करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींना ही माहिती आजही तोंडोतोंडी मिळते. कुणाची तरी सीनियर, कुणाच्या तरी मॅडम सांगतात म्हणून कळते. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहिते आहे.

पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंचच्या सर्टिफिकेट आणि डिप्लोमाचे वर्ग भरलेले असतात, एम.ए.ला पोहोचणारे थोडे, आणि त्यातून संशोधनाकडे वळणारे तर अगदीच मोजके. याचं एक कारण चांगलं आहे: फ्रेंच येणाऱ्या माणसाला पुण्यात उपाशी राहावं लागत नाही. कंपन्यांतली भाषेची कामं, अनुवाद, शाळांमधली तिसरी भाषा, घरच्या ट्यूशन्स असं काही ना काही मिळतंच. माझ्या वर्गातले बहुतेक जण एम.ए.चा निकाल लागायच्या आतच नोकरीला लागले होते. मीही संध्याकाळी शिकवत होतेच. पण नोकरी सांभाळून पीएच.डी. करताना प्रबंध वर्षानुवर्षं रेंगाळलेले मी पाहिले होते, आणि मला तसं करायचं नव्हतं.

विज्ञानातल्या मुलांना सीएसआयआरची फेलोशिप आहे, भारत-फ्रान्स संयुक्त संशोधनासाठी सेफिप्रा आहे, पीएच.डी. करताना काही महिने फ्रान्समध्ये काढायला रामन-शार्पाक फेलोशिप आहे. समाजशास्त्रवाल्यांना आयसीएसएसआर ही संशोधन परिषद आहे. परकीय साहित्याचा विद्यार्थी यातल्या कशातच बसत नाही. त्याच्यासाठी पहिला आणि खरा दरवाजा एकच, नेट-जेआरएफ, म्हणजे यूजीसीची नेट परीक्षा आणि तिच्यातून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप.

नेटचा पहिला पेपर सगळ्यांना सारखाच, पन्नास प्रश्न, शंभर गुण. दुसरा आपल्या विषयाचा, शंभर प्रश्न, दोनशे गुण. दोन्ही मिळून तीन तास आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. फ्रेंचचा दुसरा पेपर फ्रेंचमध्येच असतो आणि त्याचा आवाका मोठा आहे. मध्ययुगीन काव्यापासून फ्रान्सबाहेरच्या फ्रेंच साहित्यापर्यंत, शिवाय भाषाविज्ञान आणि अध्यापनशास्त्र. ज्यांचं फ्रेंच बोलण्यात उत्तम आहे पण साहित्याचा इतिहास सलग वाचलेला नाही, त्यांना तो जड जातो. मी शतकवार वह्या केल्या होत्या. त्या वह्या पुढे मुलाखतींतही कामाला आल्या, त्यामुळे त्यात घातलेले तास वाया गेले असं कधीच वाटलं नाही.

२०१९ मध्ये जेआरएफ मिळाली. तेव्हा दरमहा ३१,००० रुपये होते, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झाल्यावर ३५,०००. १ जानेवारी २०२३ पासून हे आकडे ३७,००० आणि ४२,००० झाले. त्यावर घरभाडं वेगळं. किरकोळ खर्चासाठी आपल्या शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० आणि पुढे २०,५०० रुपये मिळतात. पुस्तकं, झेरॉक्स, देशातल्या देशात एखादा प्रवास एवढं त्यात भागतं. पैसे कॅनरा बँकेमार्फत थेट खात्यात येतात, पण त्यासाठी दर महिन्याला आपल्या संस्थेने पोर्टलवर हजेरीची नोंद करावी लागते. एकाने ती भरायची, दुसऱ्याने तपासून पुढे पाठवायची. नोंद राहिली की पैसे राहिले. ज्या विद्यापीठात मी नाव नोंदवलं तिथल्या कार्यालयात हे काम करणारी माणसं बदलत राहायची. दर महिन्याच्या अखेरीस जाऊन आठवण करून देणं हा मी माझ्या कामाचाच भाग धरला होता. नव्याने जेआरएफ झालेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते: नोंद कोण करतं आणि कोण तपासतं, ही दोन नावं पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी याच धर्तीवरच्या आणखी फेलोशिप आहेत. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. विषय फ्रेंच असला तरी चालतो, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. ‘ते इतिहास-मराठीवाल्यांचं’ असं समजून लोक अर्जच करत नाहीत.

इथवर पोट भरण्याची सोय झाली. प्रश्न होता फ्रान्सला जाण्याचा.

ज्या देशाचं साहित्य अभ्यासायचं, त्या देशातल्या ग्रंथालयात काही महिने बसल्याशिवाय प्रबंध पुरा होत नाही, हे प्रत्येक गाइड सांगतो. त्यासाठीचा पैसा मात्र आपल्या व्यवस्थेत सहसा धरलेला नसतो. भाषेच्याच संशोधकाला त्या भाषेच्या देशात जायला आधार नसावा, ही गोष्ट मला तेव्हाही पटली नाही आणि आजही पटत नाही. दरवर्षी थोड्या प्रबंधांसाठी जरी अशी तरतूद झाली, तरी आपल्याकडच्या परकीय भाषांच्या संशोधनाचा दर्जा किती बदलेल!

मग जे कोणी जाऊन आले होते त्यांना विचारत सुटले. एक मैत्रीण इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून गेली होती. फ्रान्समधल्या सरकारी शाळांत ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला बारा तास शिकवायचं आणि उरलेला वेळ आपला. पगारात काटकसरीने राहता येतं, भाषा मात्र कायमची अंगात मुरते. नुकतंच एम.ए. झालेल्यांसाठी यासारखी वाट नाही. रानडेतला एक ज्युनियर शार्पाक शिष्यवृत्तीवर मास्टर्सला गेला. नाव नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाचं असलं तरी मास्टर्ससाठी ती सगळ्या विषयांना खुली आहे. त्यात दरमहा ८६० युरो मिळतात, शिवाय व्हिसाची आणि कँपस फ्रान्स या परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या फ्रेंच सरकारी संस्थेची फी माफ. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्तीवर मास्टर्सला महिन्याला १,४०० युरो आणि शिक्षणशुल्क माफ, पण निवड साऱ्या जगातून. अमेरिकेत फ्रेंचमध्ये पीएच.डी. करणारी एक मैत्रीण तर चकित करणारं सांगायची. तिथली बरीच विद्यापीठं फी माफ करतात आणि पदवीच्या मुलांना प्राथमिक फ्रेंच शिकवण्याच्या बदल्यात मानधन देतात. वर शातोब्रियाँ फेलोशिपवर ती चार ते आठ महिने फ्रान्सला जाऊ शकत होती. नागरिकत्व भारताचं असलं तरी चालतं, प्रवेश मात्र अमेरिकन विद्यापीठात हवा. प्रबंध संपत आलेल्यांसाठी मार्सेयजवळ कासी इथे कामार्गो फाउंडेशन आहे. जेरोम हिल या अमेरिकन कलावंताने १९६७ मध्ये ते स्थापलं. फ्रेंच आणि फ्रँकोफोन संस्कृतीवर काम करणाऱ्यांना तिथे समुद्रकाठी राहून काही आठवडे लिहिता येतं.

यातलं काहीच माझ्या अवस्थेला लागू पडत नव्हतं. कारण माझी नोंदणी इथे झालेली होती, काम अर्ध्यावर होतं आणि मला पदवी सोडून जायचं नव्हतं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, कोत्यूतेल, म्हणजे दोन देशांतल्या दोन विद्यापीठांत, दोन गाइडांच्या हाताखाली एकच प्रबंध. आणि दोन, त्या कोत्यूतेलसाठी पैसा.

फ्रान्समध्ये गाइड शोधण्याची रीत वेगळी आहे. तिथे सुरू असलेल्या आणि झालेल्या प्रबंधांची सूची ऑनलाइन आहे, तेझ डॉट एफआर. विषय टाकला की कोण कुणाच्या हाताखाली काय करतं आहे ते दिसतं. गाइड होण्यासाठी प्राध्यापकाकडे ‘हाबिलितास्याँ’ ही वरची पात्रता लागते. ती आहे का हे आधी पाहावं. आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्ट संपेपर्यंत कुणालाही लिहू नये, सगळा देश सुट्टीवर असतो. मी सप्टेंबरमध्ये लिहायला लागले. पत्र लांबलचक नाही, एक पानाचं. सोबत दोन पानांचा आराखडा.

बरीच पत्रं अनुत्तरित राहिली. काहींनी शुभेच्छा दिल्या. एका प्राध्यापिकेने मात्र सरळ प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं असं होतं: कोमेदी-फ्रान्सेझ या पॅरिसच्या नाट्यगृहाची १६८० पासूनची रोजच्या तिकीटविक्रीची रजिस्टरं आता ऑनलाइन आहेत. मोलिएरच्या मंडळीतल्या ला ग्रांजने ठेवलेली वहीसुद्धा छापील रूपात गॅलिकावर, म्हणजे फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात, वाचता येते. मर्फीचं नाटक तर इंग्रजी. मराठी नाटकं पुण्या-मुंबईत. मग तुम्हाला पॅरिसला नेमकं कशासाठी यायचं आहे?

माझ्या आराखड्यात याचं उत्तर नव्हतं, कारण आपल्या सिनॉप्सिसमध्ये तो प्रश्न विचारलाच जात नाही. आपण उद्दिष्टं लिहितो, गृहीतक लिहितो, प्रकरणांची यादी देतो. तिथे त्यांना हवी असते एक अडचण, जी अजून कुणाला सुटलेली नाही, आणि ती तुम्हीच का सोडवू शकाल याचं कारण. ते पत्र घेऊन मी माझ्या इथल्या गाइड मॅडमकडे गेले. त्या दुपारी आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलावर सगळी नाटकं मांडून बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, “तू मोलिएरची अभ्यासक म्हणून गेलीस तर तिथल्या शंभरांतली एक आहेस. देवल वाचता येणारी त्यांच्याकडे किती जण आहेत, ते मला सांग.”

त्या एका वाक्याने आराखडा उलटा झाला. तोवर मराठी हा माझ्या प्रबंधात फक्त उदाहरणांचा भाग होता. आता तीच मध्यभागी आली. आणि मग दुसरी गोष्ट सुचली. मोलिएर युरोपबाहेर फक्त मराठीत आलेला नाही. बैरुतमध्ये मारून अन्-नक्काशने १८४७ मध्ये त्याच्या कंजुषावरूनच स्फूर्ती घेऊन अरबी नाटक उभं केलं. तुर्कस्तानात अहमद वेफिक पाशाने बुर्साचा गव्हर्नर असताना नाट्यगृह बांधवलं आणि मोलिएरची तुर्की रूपांतरं तिथे करवली. वेफिक पाशाला फ्रेंच येत होतं, त्याने थेट मूळ उचललं. देवलांच्या आणि मोलिएरच्या मध्ये मर्फी उभा होता. थेट आलेला मोलिएर आणि इंग्रजांच्या राज्यातून फिरून आलेला मोलिएर यांत फरक काय पडतो? घरातल्या बाईवर संशय घेणारा नवरा कोणत्या समाजात हसण्याजोगा ठरतो आणि कोणत्या समाजात नाटककाराला त्याच्या कडा घासाव्या लागतात? हा प्रश्न तीन भाषा शेजारी ठेवल्याशिवाय सुटत नाही, आणि अरबी-तुर्कीचे जाणकार, त्यांची ग्रंथसंपदा आणि मोलिएरचे अभ्यासक एकाच शहरात मिळतात ते पॅरिसमध्ये. पौर्वात्य भाषांची संस्था इनाल्को तिथे आहे, ब्यूलाकसारखं ग्रंथालय आहे, रिशलियूच्या राष्ट्रीय ग्रंथालयात रंगभूमीचा स्वतंत्र विभाग आहे.

नवा आराखडा पाच पानांचा झाला. प्राध्यापिकेचं उत्तर लगेच आलं आणि त्या गाइड व्हायला तयार झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात, २०२१ मध्ये, मी आधी तिथल्या एकोल दोक्तोरालच्या, म्हणजे विद्यापीठातल्या पीएच.डी. विभागाच्या, स्पर्धेला बसले. हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही. फ्रान्समध्ये ‘काँत्रा दोक्तोराल’ ही शिष्यवृत्ती नसून तीन वर्षांची नोकरी असते. पगारपत्रक मिळतं, आरोग्यविमा असतो, पेन्शनचे हप्ते भरले जातात. किमान पगार वाढवत नेला आहे: २०२४ मध्ये कर कापण्याआधी दरमहा २,१०० युरो, २०२५ मध्ये २,२००, २०२६ पासून २,३००. राष्ट्रीयत्वाची अट नाही. पण प्रत्येक विषयाच्या वाट्याला जागा थोड्या येतात आणि तिथलीच उत्तम मुलं समोर असतात. मुलाखत ऑनलाइन झाली. दहा मिनिटं मांडणी, मग प्रश्न. “तुम्हाला अरबी येतं का?” हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. येत नाही, अरबी आणि तुर्की संहितांसाठी मी उपलब्ध अनुवाद आणि त्या भाषांचे तज्ज्ञ यांच्यावर अवलंबून राहीन, मराठीची जबाबदारी मात्र पूर्णपणे माझी, असं मी सांगितलं. माझं नाव प्रतीक्षायादीत लागलं. वरच्या कुणी जागा सोडली नाही, त्यामुळे करार मिळाला नाही. पण समितीच्या शेऱ्यात विषयाबद्दल जे लिहिलं होतं, तेच पुढच्या अर्जात माझं बळ ठरलं.

तो पुढचा अर्ज आयफेल शिष्यवृत्तीचा. फ्रेंच परराष्ट्र खात्याची ही शिष्यवृत्ती अनेकांना फक्त इंजिनिअर आणि मॅनेजमेंटवाल्यांची वाटते. तिच्या विषयांच्या यादीत इतिहास आणि फ्रेंच भाषा-संस्कृती हेही आहेत. तिचे काही नियम नीट समजून घ्यावे लागतात. अर्ज आपण करायचा नसतो. फ्रान्समधली संस्था आपलं नाव पाठवते. दोन संस्थांनी एकच नाव पाठवलं तर ते बाद होतं. आणि एकदा नाकारलं गेलेल्या उमेदवाराला पुन्हा संधी नाही. वयाची अट मास्टर्सला २५, पीएच.डी.ला ३०. कँपस फ्रान्सकडे नावं पाठवायची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला असते, पण विद्यापीठ आधी स्वतःच्या उमेदवारांतून निवड करतं, म्हणून खरी घाई नोव्हेंबरमध्येच असते. दिवाळीत घरी सगळे फराळाला जमलेले आणि मी आतल्या खोलीत दोन्ही गाइडांच्या सह्यांसाठी मेल करते आहे, असं ते वर्ष होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कोत्यूतेलच्या कराराने. दोन विद्यापीठांत कोणाकडे किती काळ राहायचं, फी कुठे भरायची, प्रबंधाची भाषा कोणती, दुसऱ्या भाषेत सारांश किती पानांचा, तोंडी परीक्षेच्या समितीत कुठले किती जण, हे सगळं त्यात लिहावं लागतं. फ्रान्सकडे याचा ठरलेला मसुदा असतो. आमच्या विद्यापीठात असा करार साहित्याच्या विभागाने पूर्वी केलेलाच नव्हता, त्यामुळे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. शेवटी आम्ही एक युक्ती केली. फ्रेंच मसुद्याच्या प्रत्येक कलमासमोर आपल्या पीएच.डी. नियमावलीतलं कलम लिहून दोन स्तंभांचा तक्ता केला. सही करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यात कुठे विरोध नाही हे एका नजरेत दिसलं आणि फाइल हलली. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी तो तक्ता पहिल्याच दिवशी करावा.

एप्रिल २०२२ मध्ये निकालाच्या यादीत माझं नाव होतं. आयफेलमध्ये दरमहा निर्वाहभत्ता, येण्याजाण्याचा प्रवास, विमा एवढं मिळतं. शिक्षणशुल्क त्यात धरलेलं नाही, पण फ्रान्सच्या सरकारी विद्यापीठांत पीएच.डी.ची वार्षिक नोंदणी आजही चारशे युरोंच्या आसपास आहे. २०१९ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी पदवी आणि मास्टर्सची फी कितीतरी पटींनी वाढली, पीएच.डी.ला ती वाढ लागू नाही.

इकडे जेआरएफचं काय, हा हिशोब मला आधीच करावा लागला. यूजीसीच्या नियमात परदेशी संशोधनासाठी एक वर्षापर्यंत शैक्षणिक रजा मिळते, पण त्या काळात फेलोशिप थांबते आणि तो काळ एकूण मुदतीतून वजा होतो. म्हणजे पैसेही जातात आणि वर्षही. तरीही जाण्यासारखं होतं याबद्दल मला शंका नव्हती. पहिला हप्ता हातात येईपर्यंतचा खर्च, म्हणजे खोलीची अनामत आणि सुरुवातीचे काही आठवडे, हे बाबांनी त्यांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून दिलं. शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे खिशाला हात लावावा लागणार नाही, असं कुणी समजू नये. दीड-दोन महिन्यांची तजवीज हवीच.

राहायला सिते युनिव्हर्सितेरमधल्या भारतभवनात, मेझाँ द लँदमध्ये, खोली मिळाली. पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन ग्राह्य करून घ्यायचा असतो, तो पहिल्याच आठवड्यात करून टाकला. घरभाड्यासाठी काफ या सरकारी संस्थेकडून तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांनाही मदत मिळायची. अर्ज किचकट होता, पण सोडण्यासारखा नव्हता. खासगी खोली घेणाऱ्यांना जामीनदार लागतो, आणि तिथे आपल्या ओळखीचं कोण असणार? त्यासाठी व्हिसाल नावाची हमी आहे, विनामूल्य.

२०२२ हे मोलिएरच्या जन्माचं चारशेवं वर्ष. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिशलियूची इमारत दीर्घ दुरुस्तीनंतर पूर्ण खुली झाली. मी नेमक्या त्या वेळी तिथे होते हे माझं भाग्य. सकाळी रंगभूमी विभागात, दुपारनंतर ब्यूलाकमध्ये, असा दिवस जायचा. ब्यूलाकमध्ये तुर्की नाटकावर काम करणारे एक अभ्यासक भेटले. वेफिक पाशाच्या रूपांतरातला एक प्रवेश ते मला फ्रेंचमध्ये उलगडून सांगत आणि मी त्यांना देवलांचा. देवलांच्या रेवतीला जे बोलता येतं आणि ते बोलताना तिच्यावर लेखकाचं जे प्रेम आहे, ते ऐकून ते थांबले आणि म्हणाले, हे मूळ नाटकात नाही. नाहीच. मर्फीतही तसं नाही. माझं तिसरं प्रकरण त्या टेबलावर जन्माला आलं.

ला ग्रांजची वही मी गॅलिकावर आधीच वाचली होती. कोणत्या दिवशी कोणता खेळ झाला, गल्ला किती जमला, नटांना वाटणी किती आली. मोलिएर १७ फेब्रुवारी १६७३ ला गेला, त्या दिवसाचीही नोंद तिच्यात आहे. कोमेदी-फ्रान्सेझच्या ग्रंथालयात आधी वेळ ठरवून जावं लागतं. तिथे मला त्या वहीभोवतीचं बाकी सगळं मिळालं: नंतरच्या काळातल्या प्रयोगांच्या संहिता, त्यांवर काढलेल्या रेघा, नटांसाठीच्या सूचना. आपल्या नाटक मंडळ्यांचे जमाखर्चही असेच जपले गेले असते तर मराठी रंगभूमीचा इतिहास आज किती वेगळा लिहिता आला असता, हे तिथे बसून सारखं वाटत राहिलं.

२०२३ मध्ये परतले. फेलोशिप पुन्हा सुरू करून घेण्यासाठी दोन्ही गाइडांची पत्रं आणि रुजू झाल्याचा दाखला लागला. वाढीव दराची थकबाकी पुढे मिळाली, तिच्यातून पतसंस्थेचं बरंचसं कर्ज फिटलं. प्रबंध फ्रेंचमध्ये लिहिला, इंग्रजीत सारांश जोडला. मराठी उतारे देवनागरीतच ठेवावेत हा माझा आग्रह दोन्ही गाइडांनी मानला.

आता रानडेतली एक मुलगी माझ्याकडे आराखडा घेऊन येते. मॉरिशसमध्ये दीडशेहून अधिक वर्षांपासून मराठी कुटुंबं आहेत, तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते आणि तिथले लेखक फ्रेंचमध्ये लिहितात. त्या लेखनात ही मराठी घरं कशी दिसतात, हा तिचा प्रश्न आहे. ती पॅरिसच्याच प्राध्यापकांची यादी करून बसली होती. मी तिला नकाशा दाखवला. मॉरिशसच्या शेजारचं रेयुनियाँ बेट हा फ्रान्सचाच प्रदेश. तिथलं विद्यापीठ फ्रेंच सरकारी, तेच काँत्रा दोक्तोराल, तीच आयफेल, आणि हिंदी महासागरातल्या फ्रेंच साहित्यावर काम करणारी माणसं तिथेच बसलेली. तिची नेट डिसेंबरमध्ये आहे. तोवर दोन पानांचा आराखडा आणि एक पानाचं पत्र तयार करायचं आमचं ठरलं आहे. पहिलं पत्र रेयुनियाँतल्या सें-दनीला जाईल, पॅरिसची यादी नंतर.